उष्टी गोळी

गौरम्माच्या घरात अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात पाण्याचा घोट जात नसे. पूजा आटोपली, कपाळाला विभूती लागली, की चुलीवर चहा चढायचा. पण सुनेला चहाच्या आधी गोळी मिळायची. गौरम्मा भिंतीतल्या देवळीतली पांढरी बाटली काढायची, एक गोळी तळहातावर घ्यायची आणि तीर्थ द्यावं तशी शिवकन्येच्या हातावर ठेवायची. मग सून ती गिळते की नाही, हे बघत उभी राहायची.

"गिळलीस?"

"हाव."

"महादेवा, औंदा तरी पदरात टाक रं बाबा," म्हणत ती बाटली पुन्हा देवळीत ठेवायची.

ही गोळी दिवस राहण्यासाठी आहे, असं गौरम्माला सांगितलेलं होतं, आणि तिनं ते गावाला सांगितलं होतं. नळावर हंडा लावला की शेजारची लक्ष्मम्मा विचारायची, "काय गं शिवकन्या, औषध लागू पडलं का?" बाकीच्या बाया तिच्या पोटाकडं बघायच्या आणि चुकचुकायच्या. घरात धडधाकट अंग कुणाचं असेल तर ते शिवकन्येचं. पण गावानं आजारी ठरवलं होतं ते तिलाच, आणि तिनंही ते निमूट मान्य केलं होतं. नवऱ्याचं झाकायचं तर आपल्या अंगावर काहीतरी घ्यावंच लागतं, अशी तिची समजूत होती.

तिचा नवरा रुद्रेश व्यापाऱ्यांची जनावरं पिकअपमध्ये घालून बाजार करायचा. हाळी, उदगीर, पलीकडं बिदर, कधी थेट हैदराबाद. दोन वर्षांमागं त्याला खोकला लागला. टीबी निघाला, त्या निमित्तानं रक्त तपासलं आणि रक्तात एचआयव्ही निघाला. तो कुठून आला हे त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. तिचंही रक्त घेतलं. ते चांगलं निघालं, म्हणून पुन्हा घेतलं, तरी चांगलंच निघालं. लातूरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. रुद्रेशनं त्याची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. रक्तातला विषाणू दबून राहिला की त्याच्यापासून बायकोला भीती नाही. पण तो दबून स्थिरावेपर्यंत शिवकन्येनंही तिची एक वेगळी गोळी रोज घ्यायची, आणि निरोधही वापरायचा. सगळं ठीक राहिलं तर पुढं लेकराचं बघू.

"तुझी गोळी आजार यायच्या आधीची आहे," डॉक्टर तिला म्हणाले होते. "आजार आल्यावर नुसत्या तिच्यानं भागत नाही."

ती गोळी सरकारी खिडकीवर मिळत नव्हती. एका संस्थेकडून मिळायची. संस्थेची मंजुश्री देवणीला शिवणवर्गात यायची आणि तिथं शिवकन्येला बाटली द्यायची. दिवस राहायच्या गोळीची थाप शिवकन्येनंच काढली होती. ती ऐकून मंजुश्री हसली होती. "खोटं तरी कुठं आहे? शेवटी लेकरासाठीच चाललंय ना सगळं?" थाप अशी चालली की सासू स्वतः पहारेकरी झाली. वर्षभर एक दिवस चुकला नाही. मागच्या तपासणीत रुद्रेशच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला होता, आणि शिवकन्येला वाटत होतं की आपण जिंकत आलो.

श्रावणात लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी उठायच्या, पाय सुजायचे, तोंडातून लाळ गळायची. हाळीचा बाजार बंद झाला, जनावरांच्या गाड्या बंद झाल्या, रुद्रेशचा पिकअप ताडपत्री पांघरून घराच्या कुडाला उभा राहिला. पोळा आला, पण बैल मिरवायला बंदी. गौरम्मानं बैलांच्या शिंगांना गोठ्यातच बेगड लावली आणि तिथंच पोळी चारली.

यांच्या गोठ्यात एक बैलजोडी, दोन गाई आणि बसवा नावाचा देवणी जातीचा वळू. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, गळ्याखाली झुलती पोळी, चार गावांतून लोक गाई घेऊन त्याच्याकडं यायचे. पिकअप बंद पडल्यावर घर त्याच्याच जिवावर होतं. तर एका सकाळी थोरल्या गाईच्या मानेवर शिवकन्येच्या हाताला गाठी लागल्या. तिनं हाक मारली तेव्हा रुद्रेश तोंडही न धुता धावला. गाय सोडून लांब चिंचेखाली बांधली. कडुलिंबाचा पाला जाळून गोठ्यात धूर केला. धुरानं दोघांचेही डोळे वाहत होते, तरी तो हटला नाही.

दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं गाईला औषध लिहून दिलं आणि लस मात्र गोठ्यातल्या जनावरांसाठी काढली. गौरम्मा आडवी आली.

"जिला रोग झाला ती तिकडं झाडाखाली, आन् सुई धडधाकटाला? ह्यो कुठला न्याय?"

"अव्वा, सरक तिकडं," रुद्रेश म्हणाला. त्यानं बसवाची वेसण धरली होती आणि त्याचं डोकं आपल्या छातीशी आवळलं होतं. "ही लस रोग याच्या आंदी द्याची असती. आल्यावर तिचा काय उपेग? गाईला वेगळं औषध हाय. हे चांगलं हायत तवर ह्यांना टोचून घ्यावं लागतंय."

शिवकन्या शेण भरत होती. पाटी तशीच धरून ती ऐकत राहिली. डॉक्टरांनी तिला जे सांगितलं होतं तेच नवरा आईला सांगत होता, आणि किती सोपं करून. आपल्या माणसाला हे कळतं, याचा तिला अभिमान वाटला. सुई टोचताना बसवानं झटका दिला, रुद्रेशच्या पायावर खूर पडला, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तरी त्यानं वेसण सोडली नाही.

त्याच आठवड्यात त्याच्या गोळ्यांची तारीख आली. सकाळी तो मोटारसायकल घेऊन लातूरला गेला आणि दिवस मावळायच्या आत परतला. चपला उंबऱ्याबाहेर भिरकावल्या, गोठ्यात जाऊन बसला. शिवकन्या पाणी घेऊन गेली.

"घावल्या का गोळ्या?"

"मल्लिनाथ दिसला."

मल्लिनाथ म्हणजे जनावरांचा दलाल. रुद्रेशला भाडी मिळायची ती त्याच्यामुळं.

"कुठं दिसले?"

"तितंच. रांगेत हुबा व्हतो म्या. खिडकी आलीच व्हती. मागून पाठीवर थाप पडली. 'काय रुद्राप्पा, हितं कसं काय?' म्हनला. अंगातलं पानीच आटलं. म्हनलं, पावन्याला बगाया आलतो. आन् निघालो."

"गोळ्या न घेता?"

"घ्याय थांबलो असतो तर बाजारभर हालगी वाजली असती. उद्या कोन मह्या गाडीत जनावर घालील? कोन बसवाकडं गाय आनील?"

शिवकन्येनं तांब्या खाली ठेवला.

"आन् ते कामून आलते तितं?"

रुद्रेशनं वर बघितलं. हा प्रश्न त्याला लातूरपासून गावापर्यंत एकदाही सुचला नव्हता. दोन माणसं एकाच रांगेत एकमेकांना भेटली, त्यातल्या एकानं पाठीवर थाप मारली आणि दुसरा पळून आला. मल्लिनाथही कदाचित आता घरी जाऊन बायकोला म्हणत असेल, रुद्रेश दिसला गं, आता माझी अब्रू गेली. शिवकन्येला हसू येता येता राहिलं.

"त्याचं त्याला ठावं," रुद्रेश तुटकपणे म्हणाला. "म्या आता तितं जात नसतो."

"मंग उदगीरला जावा."

"उदगिरात? तितं चिठ्ठी फाडनाऱ्यापसून झाडू मारनाऱ्यापोतर समदे आपलेच सोयरे."

पुढच्या आठवड्यात जातो म्हणाला. गेला नाही. मग मूग काढायला आले, मग सोयाबीनवर अळी पडली, पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी. कारणं शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली त्याची बाटली शिवकन्या रोज हलवून बघायची. ती रोज कमी वाजायची. एका सकाळी वाजलीच नाही.

त्या सकाळी ती दूध काढत होती. तो मागं येऊन उभा राहिला.

"तुझी गोळी दे."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही. चरवीत धार वाजत होती.

"काय?"

"तुझी गोळी गं. डॉक्टरच म्हनले व्हते, तुझ्या गोळीतली दोन्ही औषधं मह्या गोळीतल्यावानीच हायत. मह्यात तीन, तुझ्यात दोन. काईच न घेन्यापरीस दोन तर दोन. रुपयातलं दहा आनं काम झालं का न्हाई?"

"आन् म्या काय घिऊ?"

"तुला काय झालंय?" तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तू तर चांगली हायस."

शिवकन्येच्या हातातला सड सुटला. गाईनं पाय झाडला.

"मागं बसवाला सुई दिली ती कामून दिली? त्येला काय झालतं?"

रुद्रेशनं गाईला थोपटलं. म्हणाला, "जनावराचं बरं असतंय. त्येला रांगेत हुबं केलं तर कुनी नाव ठेवत न्हाई."

तिनं त्या दिवशी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो भांडला नाही. फक्त खोकला. फवारणीचं औषध नाकातोंडात गेलं असेल म्हणून खोकला असेल. पण तो आवाज शिवकन्येच्या ओळखीचा होता. टीबीच्या वेळी तिनं या माणसाला उचलून न्हाणीत बसवलं होतं. पाठीवरून पाणी ओतताना बरगड्यांवरून तिचा हात अडखळत खाली यायचा. तो मेला असता तर ती विधवा झाली असती, हे तर होतंच. पण ती त्याच्यावर जीव लावून होती, हेही खरं होतं. ते दिवस पुन्हा बघायची तिच्यात ताकद नव्हती. गोळी एक आणि तोंडं दोन. तिसरी वाट होती, लातूरच्या खिडकीची. पण त्या वाटेवर हा माणूस पाय ठेवत नव्हता.

अडचण होती ती गौरम्माची. गोळी तिच्या हातून यायची आणि गिळेपर्यंत तिची नजर हलायची नाही. म्हणून शिवकन्येनं गोळी तोंडात टाकून जिभेनं गालात सारायला शिकून घेतलं. वर पाणी प्यायचं, घसा हलवायचा, हाव म्हणायचं. मग शेणाची पाटी उचलून परसातून गोठ्यात जायचं. तिथं पाठ फिरवून गोळी दातात धरायची आणि मधोमध तोडायची. वरचं कवच फुटलं की जिभेवर कडू जहर उतरायचं. अर्धी ती गिळायची, अर्धी त्याच्या हातावर ठेवायची.

अर्ध्या गोळीचा कारभार फार दिवस चालला नाही. "अर्धीनं काय व्हतंय? ना तुला पुरती ना मला," रुद्रेश म्हणाला. म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त त्यातून त्यानं काढलेला अर्थ असा की पूर्ण आपल्याला मिळावी. तिनं पूर्ण द्यायला सुरुवात केली.

या घरात बाईचं उष्टं पुरुष खात नसे. शिवकन्येनं तोंड लावलेल्या फुलपात्रातून रुद्रेश पाणी पीत नसे, ती जेवलेल्या ताटात गौरम्मा त्याला कधी वाढत नसे. ती मात्र लग्नापासून त्याच्या ताटात जेवत आली होती. आणि आता रोज सकाळी हाच माणूस, कपाळावर तीन बोटं विभूती ओढून, तिच्या गालातून निघालेली ओली, बुळबुळीत, कड विरघळलेली गोळी हातावर घेत होता. धोतराच्या सोग्याला पुसायचा, दुधाच्या घोटाबरोबर गिळायचा. पहिल्या दिवशी त्यानं तोंड वाकडं केलं. नंतर सवय झाली. शिवकन्येच्या तोंडात मात्र दुपारपर्यंत ती कडू चव राहायची आणि भाकरीचा घास गोड लागायचा नाही.

"आता बरं वाटतंय का?" ती विचारायची.

"लई हुशारी आलीय."

हुशारी आली होती ती मनाला. पण ती आली, आणि तिच्याबरोबर दुसराही धीर आला. मागच्या तपासणीत रक्तात काही नव्हतं ना? मग आता भ्यायचं कशाला? निरोधाची पाकिटं तो आणेनासा झाला. शिवकन्या म्हणाली, ते मागचं झालं, आता परत तपासायला पाहिजे. तो म्हणाला, अव्वा रोज महादेवाला कौल लावून राहिली, तिला काय सांगायचं?

इथं शिवकन्येचंही चुकलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिला लेकरू हवं होतं. सासूसाठी नको होतं, गावाची तोंडं बंद करायला नको होतं. मांडीवर घ्यायला, न्हाऊमाखू घालायला, स्वतःसाठी हवं होतं. जे ऐकायला आवडतं ते खरं वाटायला वेळ लागत नाही. ती नको म्हणत राहिली, पण नको म्हणणारा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

सोयाबीन काढणीला आलं. शिवणवर्गाला जाणं बंद झालं, तिच्या रक्ततपासणीची तारीखही गेली. मंजुश्री मग स्वतःच गावात आली, आणि घरी कुलूप बघून शेतात आली. बांधावर स्कूटी लावून, ओढणी डोक्यावर घेऊन ढेकळांतून चालत आली. शिवकन्या आणि गौरम्मा पात धरून होत्या.

"शिवकन्या, अगं तारीख चुकवलीस. बाटली तरी घे," मंजुश्रीनं पिशवी पुढं केली. मग आवाज खाली आणून, "रोज घेतेस ना गं?"

शिवकन्या तोंड उघडणार, तोच गौरम्मा उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, छाती काढून.

"आवो मॅडम, तिला काय इचारताव? म्या सोता देते, मह्या हातानं. गिळल्याबिगर च्या देत न्हाई. एक दीस चुकला आसंल तर शिवाची आन."

मंजुश्रीचा चेहरा उजळला. "बघ, असं घर पाहिजे," ती म्हणाली. "बाया मला सांगतात, सासूपासून लपवून ठेवावी लागते. तुझं नशीब चांगलं."

शिवकन्या खाली वाकली आणि विळा चालवू लागली. वाळलेल्या शेंगांची टोकं मनगटाला टोचत होती. सांगायचं असतं तर हीच वेळ होती. चार पावलं बांधाकडं नेऊन सांगता आलं असतं. पण सांगितलं की मंजुश्री बाटली देणं थांबवील, असं तिला वाटलं. बाटली थांबली की रुद्रेश मोकळ्या पोटी राहील. आणि दुसरं असं, की नवऱ्यानं बायकोच्या तोंडातली गोळी काढून खाल्ली, हे वाक्य बोलायचं कसं? ज्याला लाज वाटायला हवी तो पलीकडं मजेत फवारणीचा पंप धूत होता, आणि लाजेनं हिची मान वर होत नव्हती.

"सोयाबीन आटपलं की ये. नक्की ये," म्हणून मंजुश्री गेली.

दिवाळीच्या तोंडावर शिवकन्येला ताप भरला. अंग ठणकायला लागलं, घसा सुजला, छातीवर बारीक तांबडं पुरळ आलं. अन्न समोर आलं की उमळून यायचं. एका सकाळी गोळी गालात धरून परसात जाताना तिला कोरडी उलटी झाली, गोळी मातीत पडली, आणि ती भिंत धरून खाली बसली.

गौरम्मा धावत आली. सुनेची पाठ चोळता चोळता तिच्या तोंडावर जे हसू फुटलं, तसं शिवकन्येनं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"कदीपसून व्हतंय गं असं?"

"दोन-चार दीस झालं."

"आगं माजे माय!" गौरम्मानं तिच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली.

त्यानंतरचे काही दिवस शिवकन्या त्या घरात राणी होती. शेणाची पाटी गौरम्मानं स्वतः डोक्यावर घेतली. घागर उचलू दिली नाही. ताज्या लोण्याचा गोळा आधी सुनेच्या भाकरीवर आला. लक्ष्मम्मा लिंबाचं लोणचं घेऊन आली आणि कानात म्हणाली, "ताप येतोय व्हय? काई जनींना येतो गं पयल्या टायमाला." शिवकन्या गोधडीत पडून ऐकत होती. तिलाही वाटायला लागलं होतं. अंगातल्या त्या तापाला ती लेकरू समजली. दोन्ही हात पोटावर ठेवून ती त्याच्याशी मनात बोललीसुद्धा.

मग ती बाहेरची झाली.

गौरम्मानं शेणाची पाटी आणून सुनेच्या पुढ्यात ठेवली. ताप उतरला होता, पुरळ मावळलं होतं, अंगात त्राण नव्हतं. शिवकन्या उठली आणि पाटी भरायला लागली.

आठ-पंधरा दिवसांनी ती देवणीला गेली. मंजुश्रीनं आधी ओरडून घेतलं, मग हाताला धरून रक्त द्यायला नेलं. सुई टोचली तेव्हा दोघी सोयाबीनच्या भावावर बोलत होत्या. निकाल आला तेव्हा मंजुश्रीनं दार लोटून घेतलं आणि ती शिवकन्येच्या समोर बसायच्या ऐवजी शेजारी बसली. त्यावरूनच शिवकन्येला कळलं.

"पण कसं शक्य आहे?" मंजुश्री पुन्हा पुन्हा म्हणत होती. "त्याचं दबलेलं, तुझी गोळी रोज चालू... सासूबाई स्वतः देतात. कसं शक्य आहे?"

"म्या गिळत नव्हते," शिवकन्या म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. मल्लिनाथ, रिकामी बाटली, गाल, गोठा. सांगताना ती रडली नाही. मंजुश्रीच रडायला लागली आणि रडता रडता चिडली.

"अगं, एक शब्द बोलायचा होतास! मी बाटली बंद केली नसती गं. त्याच्या गोळ्या मी घरी आणून दिल्या असत्या, कुठूनही, कशाही. आणि शेतात तुझ्या सासूचं ऐकून मी खुळ्यासारखी खूश झाले." तिनं डोळे पुसले. "त्यानं ती दोनच औषधं घेतली ना, तेवढ्यानं आजार दबत नाही, उलट औषधाला निर्ढावतो. आता जुनी गोळी त्याला चालेल की नाही हेही सांगता येत नाही. त्याला लातूरला यावंच लागेल, रक्त द्यायला. तुझी गोळी उद्यापासून चालू करू. तू जगशील, शिवकन्या. चांगली जगशील. लेकरूही होईल. फक्त आता तुलाही ती रोज, जन्मभर."

"त्याच रांगेत?"

"हो. त्याच."

ती घरी आली तेव्हा गौरम्मा देवळात गेलेली होती. रुद्रेश गोठ्यात बसवाच्या मानेला खरारा करत होता. लम्पीतून वळू निभावला होता. थोरली गाय गेली, तो मात्र एका गाठीशिवाय उभा होता. शिवकन्येनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

रुद्रेशच्या हातातून खरारा पडला. तो शेणातच खाली बसला, दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि ओक्साबोक्शी रडू लागला. "म्या घात केला गं तुझा. म्या घात केला." तिनं त्याला रडू दिलं. पूर्वी ती त्याच्याजवळ बसली असती, पाठीवर हात ठेवला असता. आज तिच्यानं ते झालं नाही. आतून संताप आणि किळस अशी काही दाटून आली होती की त्याच्या रडण्याचीही तिला शिसारी आली.

"तुमालाबी यावं लागंल," ती म्हणाली. "मंजुश्रीताई म्हनल्या, तुमचं रक्त परत बगायचं हाय. गोळी बदलंल म्हने."

त्याचं रडणं हळूहळू थांबलं. त्यानं नाक पुसलं.

"आता तुला दर म्हैन्याला लातूरला जावं लागंल?"

"हाव."

"जन्मभर?"

"हाव."

त्यानं मान वर केली. डोळे ओलेच होते, पण कित्येक महिने त्याच्या तोंडावर जो एक पीळ होता तो सुटलेला शिवकन्येला दिसला. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचं तोंड व्हावं, तसं ते झालं होतं.

"मंग रक्ताला म्या एकडाव येतो. म्होरच्या येळंला तू जातच हायस, तर मह्याबी गोळ्या घिऊन येत जा," तो म्हणाला. "म्या गाडीत थांबतो भाईर. बाईमानसाला तितं कोन वळखतंय?"

शिवकन्येला वाटलं, तो आता तरी आपण काय बोललो हे ऐकेल आणि जीभ चावेल. तो खरारा उचलून पुन्हा बसवाच्या मानेवर फिरवायला लागला.

गौरम्मा देवळातून आली. तिनं विचारलं, काय म्हणाले दवाखान्यात? शिवकन्या म्हणाली, गोळी बदलली. "बरं झालं बाई, ती लागूच पडत नव्हती," असं म्हणून गौरम्मानं लेकाचं ताट वाढलं. रुद्रेश हातपाय धुऊन बसला. वरणात भाकरी कुस्करून मोठमोठे घास घेऊ लागला. चुलीपुढं शिवकन्या भाकऱ्या थापत होती. गौरम्मा लेकाच्या ताटाकडं बघून हरखली.

"बग गं शिवकन्या, किती दिसानं मह्या लेकरानं पोटभर खाल्लं."

"आनिक एक टाक," रुद्रेश म्हणाला.

शिवकन्येनं परातीतला उंडा उचलला आणि थापायला घेतला.